झाडाच्या आतले जिवाणू आणि भाजीतले विषारी धातू

भाजी स्वच्छ धुतली, चिरली, शिजवली की ती निर्धोक झाली, असा आपल्या सर्वांचा समज असतो. रोगजंतूंच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. चांगले शिजवल्यावर बहुतेक जंतू मरतात. परंतु शिसे, कॅडमियम, पारा, सोमल यांची गोष्ट वेगळी आहे. झाडाने ते मुळावाटे ओढून घेतले आणि पानात साठवले, की मग ते धुण्यानेही जात नाहीत आणि शिजवण्यानेही जात नाहीत.

येथे एक साधा प्रश्न मनात येतो. ज्या विषाने माणसाचे मूत्रपिंड खराब होते, त्या विषाने पालकाचे झाड का सुकत नाही? ते हिरवेगार कसे राहते? याच्या उत्तराचा एक भाग झाडाच्या स्वतःच्या रचनेत आहे. दुसरा भाग मात्र झाडाच्या आत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंकडे जातो. आज त्यांची ओळख करून घेऊ. शेतकऱ्याला ती उपयोगाची आहेच, पण रोजची भाजी निवडणाऱ्या गृहिणीलाही ती तितकीच उपयोगाची आहे.

धातू कामाचे आणि धातू घाताचे

सगळेच धातू वाईट नसतात. लोह रक्तासाठी लागते, जस्त वाढीसाठी आणि जखम भरून येण्यासाठी लागते, तांबेही किंचित लागते. हेच धातू प्रमाणाबाहेर गेले तर अपाय करतात. शिसे, कॅडमियम आणि पारा यांचा मात्र शरीराला काडीचाही उपयोग नाही. सोमल काटेकोर अर्थाने धातू नव्हे, पण त्याचे वागणे तसेच असल्यामुळे त्याची गणती यांच्यातच होते.

हे पदार्थ आपल्या जमिनीत येतात कोठून? थोडे खडकातून मुळातच आलेले असतात. बाकीचे माणसाने आणून टाकलेले असतात. दगडी कोळसा जाळल्यावर उरणाऱ्या राखेत शिसे, क्रोमियम, निकेल, सोमल थोड्या थोड्या प्रमाणात असतात. स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून बनतात, त्या खडकात कमीजास्त कॅडमियम असते. संत्र्याच्या बागेत डिंक्या रोगासाठी वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण वापरले की मोरचुदातले तांबे मातीत साचत जाते. गाडीच्या जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात तेथे शिसे सांडते. शहरातील सांडपाण्याच्या नाल्यात काय काय मिसळते त्याची मोजदाद नाही.

आपल्या पांढरकवड्यातून नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता तो ४४ आहे. शिसे घातलेल्या पेट्रोलची विक्री आपल्या देशात २००० सालच्या फेब्रुवारीत थांबली. तोपर्यंत अनेक दशके गाड्यांच्या धुरातून शिसे रस्त्याकडेच्या मातीवर पडत होते. शिसे कुजत नाही, उडून जात नाही, पावसाने फारसे खालीही जात नाही. ते वरच्या थरात तसेच राहते. म्हणून रहदारीच्या जुन्या रस्त्याला अगदी लागून पालेभाजी लावू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

एक दिलासा मात्र आहे. आपली काळी जमीन चिकण आणि बहुधा विम्लधर्मी असते. अशा माती­त शिसे आणि कॅडमियम घट्ट धरून ठेवले जातात आणि झाडाला सहजासहजी मिळत नाहीत. हलक्या, रेताड आणि आम्लधर्मी जमिनीत ते पटकन मुळात शिरतात.

झाडाच्या घरातले भाडेकरू

तुरीचे किंवा हरभऱ्याचे झाड अलगद उपटून पाहिले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, हवेतला नत्र झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. झाडाच्या आत जिवाणू राहतात याचे हे आपल्या वावरातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे.

परंतु गाठी न करताही असंख्य जिवाणू झाडाच्या मुळात, खोडात, पानात, एवढेच काय बियांतही राहतात. नवे उपमूळ फुटताना सालीला जी बारीक भेग पडते तेथून ते आत शिरतात आणि पेशींच्या मधल्या जागेत वस्ती करतात. झाडाला त्यांच्यापासून रोग होत नाही. उलट पुष्कळदा फायदाच होतो. ब्राझीलमध्ये १९८८ साली उसाच्या आत राहून नत्र देणाऱ्या अशाच एका जिवाणूची नोंद झाली. महाराष्ट्रातील ऊस बागायतदार त्याला ॲसिटोबॅक्टर या नावाने ओळखतात आणि जिवाणू खत म्हणून वापरतात.

जी झाडे धातूंनी भरलेल्या जमिनीत वाढतात, त्यांच्या आतले जिवाणूही त्या धातूंना सरावलेले असतात. अशा झाडांचे नवल काय सांगावे! पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर एक वृक्ष आहे. त्याच्या सालीला छेद दिला की निळसर हिरवा चीक येतो. तो वाळवून तपासला तर त्यात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा निकेल निघते. ही गोष्ट १९७६ साली प्रसिद्ध झाली आणि अशा झाडांना ‘अतिसंचयी’ या अर्थाचे शास्त्रीय नाव मिळाले.

जिवाणू विष पचवतात कसे?

या जिवाणूंच्या तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती पंपाची. विहिरीत पाणी झिरपू लागले की आपण मोटर लावून ते उपसतो. तसेच हे जिवाणू आपल्या पेशीत शिरलेला धातू बाहेर उपसून टाकतात. त्यासाठी त्यांच्या आवरणात खास प्रथिनांचे पंप असतात. बेल्जियममधील एका जस्त कारखान्याच्या टाकीत १९७६ साली सापडलेला एक जिवाणू या कामात इतका तरबेज आहे की आजही जगभर त्याच्यावर अभ्यास चालतो.

दुसरी युक्ती बांधून ठेवण्याची. जिवाणू आपल्याभोवती चिकट थर तयार करतात किंवा काही खास पदार्थ सोडतात. धातू त्यांना चिकटून बसतो आणि मोकळा फिरत नाही.

तिसरी युक्ती रूप पालटण्याची. काही जिवाणू अतिविषारी क्रोमियमचे कमी विषारी क्रोमियममध्ये रूपांतर करतात. काही जिवाणू पाऱ्याच्या क्षारांची वाफ करून हवेत सोडून देतात.

आपल्या शेजारच्या गोव्यातील याविषयीचे काम उल्लेखनीय आहे. गोवा विद्यापीठातील मिलिंद नाईक आणि संतोषकुमार दुबे यांनी गाडीच्या बॅटरीच्या कचऱ्याने दूषित झालेल्या मातीतून शिसे सहन करणारा एक जिवाणू वेगळा केला. तो शिशाच्या सान्निध्यात लोह पकडणारा पदार्थ अधिक प्रमाणात तयार करतो, असे त्यांनी २०११ साली दाखवून दिले. हा जिवाणू मातीतला होता. परंतु झाडाच्या आतले जिवाणूही बहुतेक मातीतूनच येतात, त्यामुळे मातीत जे शिकले जाते ते झाडातही उपयोगी पडते.

झाडाला मदत कशी होते?

केळी पिकवताना जो वायू कामी येतो तोच इथिलीन वायू झाडावर संकट आले की झाड स्वतःही तयार करते. तो जास्त झाला की मुळांची वाढ खुंटते आणि पाने अकाली पिवळी पडतात. विषारी धातूंच्या जमिनीत नेमके हेच होते. झाडातले काही जिवाणू हा वायू ज्या पदार्थापासून बनतो तो पदार्थच खाऊन टाकतात. साहजिकच वायू कमी होतो आणि मुळे वाढत राहतात. शिवाय हे जिवाणू मातीत अडकलेले लोह, जस्त आणि स्फुरद मोकळे करून झाडाला देतात. पोट भरलेले झाड विष अधिक सोसते, जसा पोटभर जेवणारा माणूस आजार अधिक सोसतो.

आता या जिवाणूंनी साथ सोडली तर काय होते तेही पाहू. इंग्लंडमध्ये वोबर्न येथे १९४२ ते १९६१ या काळात एका शेताला शहरातील सांडपाण्याचा गाळ खत म्हणून दिला होता. गाळात धातू होते. खत देणे थांबून २० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तेथे क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे द्विदल पीक घेतले. मुळांवर गाठी आल्या, पण त्या लहान आणि पांढऱ्या होत्या. जे रायझोबियम त्या जमिनीत टिकून राहिले होते त्यांना नत्र देता येत नव्हता. पीक खुरटले. एकदा मातीत गेलेला धातू पिढ्यानपिढ्या पाठ सोडत नाही, हा यातला धडा.

विदर्भातला प्रयोग

नागपूरची नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्याला परिचित आहे. नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या ढिगाऱ्यावर नीरीच्या शास्त्रज्ञांनी, हेमलता जांभुळकर आणि आशा जुवारकर यांनी, १० हेक्टर क्षेत्रावर झाडे लावून पाहिली. नुसत्या राखेत काही उगवत नाही. म्हणून त्यांनी हेक्टरी ५० टन शेणखत घातले, त्याबरोबर जिवाणू खते आणि मुळांशी दोस्ती करणारी बुरशी दिली. झाडे जगली, मुळे जोमाने वाढली आणि राखेतील धातू झाडांनी उचलले. त्यात काशीदाचे झाड सर्वांत सरस ठरले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. नागपूरजवळच्या गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावरही नीरीने याच पद्धतीने हिरवळ उभी केली. तेथे साखर कारखान्यातील प्रेसमड, रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मुळांवरची बुरशी यांचा वापर झाला.

वणी आणि चंद्रपूर भागातील कोळशाच्या खाणी पाहता हा मार्ग आपल्याकडेही मोलाचा आहे. फक्त एक गोष्ट विसरता कामा नये. अशा जागेवरची झाडे धातू उचलण्यासाठी लावलेली असतात. त्यांचा पाला गुरांना घालू नये, तेथे भाजी लावू नये आणि ते लाकूड चुलीत घालू नये. राखेबरोबर धातू पुन्हा आपल्याच अंगणात येतील.

हिरवे म्हणजे निर्धोक नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जिवाणूंच्या मदतीने झाड जगले, ही गोष्ट झाडाच्या दृष्टीने चांगली. पण ते खाणाऱ्याच्या दृष्टीने?

याची उत्तरे दोन प्रकारची मिळतात. बेल्जियममध्ये २००१ साली ल्युपिन नावाच्या द्विदल झाडात निकेल सहन करणारा जिवाणू सोडला. मुळातले निकेल ३० टक्क्यांनी वाढले, पण वरच्या भागात फरक पडला नाही. म्हणजे जिवाणूंनी विष मुळातच अडवून धरले. खाण्याच्या पिकात आपल्याला असेच हवे.

दुसरे उदाहरण तंबाखूचे. तंबाखूच्या बियांमध्येच राहणारे जिवाणू वेगळे काढून ते रोपांना पुन्हा दिले, तेव्हा कॅडमियम असलेल्या मातीतही रोपे जोमाने वाढली. पण त्यांच्यातले कॅडमियमही वाढले. २००९ सालचा हा अभ्यास फार बोलका आहे. झाड टवटवीत दिसत होते आणि विष पूर्वीपेक्षा अधिक होते.

म्हणूनच पान हिरवे, रुंद आणि लुसलुशीत आहे यावरून त्याची पारख करू नये. नाल्याच्या पाण्यावरचा पालक पुष्कळदा अधिक हिरवा दिसतो, कारण सांडपाण्यात नत्रही असतो. भाजीचा रंग विचारण्यापेक्षा ती कोणत्या मातीत आणि कोणत्या पाण्यावर आली हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

शरीरावर परिणाम

शिशाचा सर्वांत मोठा फटका लहान मुलांना बसतो. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा मुलाचे शरीर चार ते पाच पट अधिक शोषून घेते. त्याचा परिणाम मेंदूवर होतो. मूल चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते, पोट दुखते, रक्त कमी होते. रक्तात अमुक इतके शिसे चालेल अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवतीच्या हाडात साठलेले शिसे बाळापर्यंत पोहोचते.

कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसते आणि तेथून निम्मे निघून जायलाच १० ते ३० वर्षे लागतात. जपानमध्ये तोयामा भागात खाणीतून आलेले कॅडमियम नदीत मिसळले, नदीचे पाणी भातशेतीत गेले आणि भात लोकांच्या ताटात गेला. हाडे इतकी ठिसूळ झाली की हलले तरी मोडत. बळी गेले ते मुख्यतः उतारवयातील, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांचे. वेदनेने रुग्ण ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे कण्हत, म्हणून त्या रोगाला तेच नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणाने झालेला रोग असल्याचे मान्य केले.

आपल्याकडे घाबरून जाण्याजोगी अशी स्थिती आहे, असे कोणी समजू नये. पण दोन गोष्टी आपल्या भागाला विशेष लागू आहेत. पहिली म्हणजे रक्तक्षय. शरीरात लोह कमी असले की आतडे लोहाऐवजी शिसे आणि कॅडमियम अधिक ओढून घेते. त्यामुळे रक्त कमी असलेल्या बाया आणि मुले यांना तीच भाजी अधिक अपाय करते. दुसरी म्हणजे खर्रा. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम ओढून पानात साठवण्यात पटाईत आहे. खर्रा आणि विडी यांच्यापासून होणाऱ्या कर्करोगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मूत्रपिंडात साठणाऱ्या कॅडमियमबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

जिवाणूंविषयी आणखी एक सावधगिरी. धातू सहन करण्याचे गुण आणि प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याचे गुण जिवाणूंमध्ये पुष्कळदा जोडीने राहतात आणि जोडीने एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गोव्यात सापडलेला जिवाणू ज्या जातीचा आहे, त्याच जातीचे जिवाणू दवाखान्यात अशक्त रुग्णांच्या जखमा चिघळवतात. म्हणून असे जिवाणू शेतात सोडण्याआधी ते माणसाला निरुपद्रवी आहेत याची खात्री करणे आवश्यक असते. नोंदणीकृत, मुदतीच्या आतले जिवाणू खतच घ्यावे. कोणी ‘विष शोषणारे जिवाणू’ म्हणून बाटली विकू लागला तर दूर राहावे.

काय करावे?

१. पालेभाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवावी. पानावरील धुळीतले शिसे याने पुष्कळ कमी होते. कंदमुळांची साल काढावी. पानाच्या आत गेलेला धातू मात्र याने निघत नाही.

२. एकाच ठिकाणची, एकच भाजी रोज खाऊ नये. पालक, मेथी, अंबाडी, चवळी, सांभार आलटून पालटून खावे. मधूनमधून वांगी, भेंडी, दोडके, वाल घ्यावेत. सर्वसाधारणपणे धातू पानात आणि मुळात अधिक आणि फळात व दाण्यात कमी साठतात.

३. परसबाग रस्त्यापासून, नाल्यापासून आणि गॅरेजपासून दूर करावी. जुन्या बॅटऱ्या घरी फोडू नयेत. बॅटरीचे काम करणाऱ्याने कपडे बदलून, हातपाय धुऊनच मुलांना जवळ घ्यावे.

४. शेणखत, कंपोस्ट भरपूर घालावे. सेंद्रिय पदार्थ धातूंना बांधून ठेवतात आणि उपयोगी जिवाणूंना खाऊ मिळतो. शहरातील गाळ खत म्हणून वापरण्याआधी तो तपासलेला आहे का ते विचारावे.

५. तूर, हरभरा, सोयाबीन पेरताना १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम या प्रमाणात त्या पिकाचे रायझोबियम लावावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी आणि जिवाणू खत शेवटी. बियाणे सावलीत सुकवावे.

६. जमीन आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे, मँगनीज यांची नोंद असते. शिसे आणि कॅडमियम त्यात नसते. जमिनीविषयी शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्राकडे वेगळी विचारणा करावी.

७. मुलांना गूळ, हिरव्या भाज्या, डाळी, दूध, लिंबू-आवळा नियमित द्यावे. लोह आणि चुना पुरेसा असला की शिसे कमी शोषले जाते. माती खाणाऱ्या मुलाला अवश्य डॉक्टरांना दाखवावे.

८. खर्रा, तंबाखू, विडी सोडावी.

शेवटी पाण्याविषयी. पांढरकवडा भागातील भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. यावर २००७ साली शास्त्रीय नियतकालिकात स्वतंत्र लेखही आला होता. फ्लोराइड हा धातू नव्हे आणि आज सांगितलेले जिवाणू त्यावर उपाय नाहीत. पाणी उकळल्याने तो जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसल्यास १.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसू लागले की बोअरचे पाणी तपासून घ्यावे आणि तोवर पिण्यासाठी दुसरे पाणी वापरावे.

जिवाणू झाडाला विषातून तारून नेतात. आपल्याला तारून नेणारे मात्र आपले ताट आणि आपले पाणी आहे. त्याची चौकशी करणे आपल्याच हाती आहे.